वरून भरायची भट्टी

सदतीस वर्षं देवकी दुसऱ्यांच्या वह्यांवर तांबड्या रेघा मारत आली होती. पेडण्याच्या शाळेत, मग बदली होऊन डिचोलीला, निवृत्तीच्या आधीची सहा वर्षं पुन्हा पेडण्याला. ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत तिनं सख्ख्या नवऱ्याच्या श्राद्धपत्रिकेलाही माफ केलं नव्हतं. आणि आज सकाळी, म्हापशाच्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसून चहाचा दुसरा घोट घेत असताना, मोबाइलवर आलेल्या पानावर तिनं पाहिलं तर तिच्या स्वतःच्या सहा ओळींवरून तशीच एक तांबडी रेघ आडवी गेली होती. समासात गोकुळदास सरांचं बारीक, नीटस अक्षर होतं. ‘हे कुठून आणलं? आधार द्यावा, अन्यथा गाळावे. आज चारच्या बैठकीत ठरवू.’ देवकीनं कप खाली ठेवला. पहिल्यांदा तिला राग आला, आणि तो चांगला सणसणीत होता. तिची मुलं म्हणजे विद्यार्थी, ती कशी गाल फुगवून बाकावर बसायची, तशीच ती क्षणभर बसली. मग तिच्या लक्षात आलं की हा राग नाही. सरांनी विचारलं होतं ते अगदी रास्त होतं. कुठून आणलं हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि ते गेल्या पन्नास वर्षांत तिनं कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

कोश होता इब्री, म्हणजे ज्यूंच्या, आणि ख्रिस्ती धर्मशास्त्रांतल्या शब्दांचा, मराठीतला. फादर कायतान ह्यांनी उभं आयुष्य त्यात घातलं होतं. जेरुसलेमला जाऊन ते मूळ भाषा शिकून आले होते आणि एकेका शब्दाचे अर्थ त्यांनी पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर कोंकणीत टिपून ठेवले होते. गोकुळदास सर, कॉलेजातून निवृत्त झालेले, ते संपादक. आणि कोशाची मराठी गोव्यातल्या माणसाला आपली वाटावी म्हणून भाषा पाहायला देवकी. एका हिंदू बाईनं ह्या फंदात कशाला पडावं, असं तिच्या नणंदेनं एकदा विचारलं होतं. ‘शब्द कुणाच्या बापाचे नसतात,’ असं उत्तर देऊन देवकी मोकळी झाली होती. बोलून गेल्यावर ते वाक्य तिला फार आवडलं होतं. आज ते आठवून जरा लाज वाटली.

‘भट्टी’ ह्या शब्दाशी ती गेले तीन महिने अडून बसली होती. आजवर सगळ्यांनी सरसकट भट्टी, भट्टी, भट्टी असंच लिहीत नेलं होतं. फादरांच्या कागदांवर मात्र एकाच्या जागी पाच शब्द होते आणि पाचही वेगळे. तन्नूर म्हणजे भाकऱ्या, रोट्या भाजायचा. तो तिनं झटक्यात ओळखला, पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा फोर्न, सकाळी पोय आणि उंडे असे पाव बाहेर काढतात तो. पुस्तकी मराठीत तो कसा बसवायचा ह्यावर सरांशी तिची आठवडाभर जुंपली होती. अलील म्हणजे सोनाराची मूस, मातीची, हातात मावणारी, जिच्यात चांदी सात वेळा आटवून निर्मळ करतात. कूर म्हणजे धातू गाळायची. देवानं आपल्या लोकांना गुलामीतून सोडवलं तेव्हा तो म्हणाला, मी तुम्हांला लोखंडाच्या भट्टीतून बाहेर काढलं, ती ही. पुढं दुःखालाही त्यांनी हाच शब्द लावला, कारण त्यात माणसाचा मळ वर येतो. किवशान म्हणजे चुन्याची नाहीतर विटांची. दोन पापी शहरं जळून गेल्यावर म्हाताऱ्या कुलपुरुषानं सकाळी उठून दूर पाहिलं, तर भूमीवरून किवशानातून निघावा तसा धूर वर जात होता. आणि अत्तून, बाबेलच्या राजाची. त्या नंतरच्या ग्रीक शास्त्रात ह्यांतल्या बहुतेकांची मिळून एकच कामिनोस झाली, आणि तिच्यात जगाच्या शेवटी वाईट माणसं टाकली जातील असं सांगितलं गेलं. फादरांनी हे सगळं समजावून दिलं तेव्हा देवकी मान डोलवत होती, आणि तिच्या नाकात खुब्यांच्या शिंपल्या जळल्याचा वास भरला होता. कारण किवशान तिला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. तिचा बाप किवशानवाला होता.

पालये गावाला, तेरेखोलच्या नदीकाठी, नारळीच्या मागं बाबली पालयेकराची चुन्याची भट्टी होती. म्हणजे भट्टी मालकाची, भाजणारा बाबली. खुब्यांच्या, कालवांच्या शिंपल्या होडीनं येत, बायका त्या धूत, आणि चिऱ्यांच्या गोल भिंतीच्या आत एक थर शिंपल्यांचा, एक थर कोळशाचा आणि नारळाच्या सोडणांचा असं रचून बाबली त्याला आग लावायचा. ओल्या सोडणांचा धूर पांढरा, घट्ट, आणि वाऱ्याचं नाव नसलं की सकाळच्या वेळी तो खांबासारखा सरळ उभा राहायचा. देवकीच्या शाळेच्या खिडकीतून तो दिसायचा. चौथीत असताना मास्तरांनी सगळ्यांना विचारलं होतं, तो धूर कसला? आणि मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, ‘देवकीच्या बापायचो!’ वर्ग हसला. मास्तरही हसले, वाईट मनानं नव्हे. दुसऱ्या दिवशी देवकी खिडकीकडे पाठ होईल अशा बाकावर जाऊन बसली आणि पुढची सगळी वर्षं तिथंच बसली. आई तिचे हात खोबरेल लावून चोळायची तरी नखांच्या कडेला पांढरं राहायचंच. वह्यांच्या पानांत चुना असायचा. पहिल्या नोकरीच्या अर्जात ‘वडिलांचा व्यवसाय’ ह्या जागी तिनं सुंदर अक्षरात ‘व्यापार’ असं लिहिलं, आणि मग तेच लग्नाच्या वेळी सांगितलं गेलं, तेच शिक्षकांच्या खोलीत. खोटं एकदाच बोलावं लागतं, नंतर ते आपलं आपण चालतं. बाबली लग्नात कडक इस्त्रीचा सदरा घालून कोपऱ्यात बसला होता, हात मांडीखाली घेऊन. देवकीनं ते पाहिलं होतं आणि तिला बरंच वाटलं होतं.

आता त्या सहा ओळी. राजाची गोष्ट अशी की त्याच्या मूर्तीपुढं वाकायला तीन तरुणांनी नकार दिला. राजा खवळला. भट्टी सातपट तापवा म्हणाला. त्याचे बळकट शिपाई त्या तिघांना बांधून वर घेऊन गेले, आणि आग एवढी भडकली होती की घेऊन जाणारेच होरपळून मेले. ते तिघे बांधलेले तसेच खाली आगीत पडले. आणि राजा बघतो तर आत तीन नाही, चार माणसं मोकळी फिरतायत, आणि त्यांचा केसही जळलेला नाही. मग तो भट्टीच्या तोंडाशी गेला आणि त्यांना हाका मारून बाहेर बोलावलं. ह्यात अभ्यासकांची जी पंचाईत होती ती गोकुळदास सरांनीच सुरुवातीला मांडली होती: वर नेऊन खाली टाकलं, तर मग राजा सिंहासनावर बसल्या बसल्या आतलं बघतो कसा, आणि माणसं बाहेर चालत येतात कुठून? बहुधा गोष्ट दोन ठिकाणांहून शिवलेली असावी, असं ते म्हणाले. देवकीनं ते ऐकून घेतलं होतं. पण घरी येऊन तिनं एका बैठकीत सहा ओळी लिहिल्या होत्या: ही भट्टी वरून भरायची. मागच्या अंगाला मातीची चढण, वर उघडा कंठ, आणि पुढं जमिनीलगत एक तोंड, जिथून वारा आत जातो आणि भाजणारा आत पाहतो. राजा त्या तोंडासमोर होता. गोष्टीत काहीच चुकलेलं नाही. लिहून झाल्यावर तिला जो अभिमान वाटला होता तो शाळेच्या कुठल्याही बक्षिसाच्या वेळी वाटला नव्हता. आणि तो अभिमान नक्की कशाचा होता, इकडं तिनं तेव्हा शहाण्या माणसासारखी पाठ केली होती.

पण आज त्या तांबड्या रेघेखाली आपल्याच ओळी वाचताना तिच्या मनात एक किडा शिरला. भरलेल्या भट्टीत काय दिसणार? वरपासून खालपर्यंत शिंपल्या आणि कोळसे. तिथं चार माणसं फिरणार कुठं? ती नऊ वर्षांची असताना शेवटची त्या तोंडाशी बसली होती. आपण आठवणीच्या भरवशावर शास्त्राला दुरुस्त करायला निघालो, आणि सरांनी हाच प्रश्न टाकला तर आपण सगळ्यांसमोर उताण्या पडू. ओळी गाळू द्याव्यात हे सोपं होतं. ‘राहू दे सर’ एवढं म्हटलं की झालं. कुणी काही विचारणार नव्हतं, कुणाला काही कळणार नव्हतं, आणि भट्टीबद्दल जगात जे चुकीचं छापलेलं आहे तेच आणखी एकदा छापलं गेलं असतं. घड्याळात पावणेनऊ झाले होते. देवकीनं साडी बदलली, पिशवीत चश्मा टाकला आणि स्टँडवर जाऊन पेडण्याची बस धरली.

बसमध्ये तिला खिडकी मिळाली. कोलवाळचा पूल गेला, काजूच्या डोंगरावरून रस्त्यासाठी कापलेली तांबडी माती गेली, डोक्यावरून मोपाला उतरणारं एक विमान इतकं खाली आलं की पुढच्या सीटवरच्या बाईनं उगाचच पदर डोक्यावर घेतला. देवकीला मात्र ती चढण दिसत होती. मातीची, पायांनी घोटून गुळगुळीत झालेली, आणि तिच्यावरून डोक्यावर पाटी घेऊन जाणारा धाकूकाका. बापाचा धाकटा भाऊ. बावीस वर्षांचा, गाणी म्हणणारा, जत्रेतल्या नाटकात बाईचं काम करणारा, देवकीला खांद्यावर बसवून नदीत नेणारा. बाबली खाली तोंडाशी बसून आग बघायचा आणि धाकू वर चढून भरायचा. त्या वर्षी कुठल्याशा इगर्जीचं फेस्त, चर्चचा सण, तोंडावर आलं होतं, भिंती पांढऱ्या करायला चुना हवा होता आणि मालक घाईला आला होता. वारा फिरतोय असं बाबली म्हणत होता. मालक म्हणाला, चढवा. धाकू कंठाशी पोचला आणि वारा उलटा आत घुसला. आग वरून बाहेर पडली ती माणसापेक्षा उंच होती. तो आत पडला नाही, मागं चढणीवर पडला. केळीच्या पानावर तीन दिवस निजवून ठेवला होता. देवकीला त्याच्याकडे जाऊ देत नव्हते, पण तो पलीकडच्या खोलीतून तिच्या नावानं हाक मारायचा आणि ती कानांत बोटं घालायची. नंतर पेडण्याच्या हायस्कुलात मुलींनी विचारलं, काका कसा गेला? ‘आजारी होता,’ देवकीनं सांगितलं होतं. भट्टीवर भाजला म्हणायची तिला लाज वाटली होती. खिडकीतून वारा येत होता तरी तिनं डोळे मिटून घेतले, आणि आज इतक्या वर्षांनी तिला त्या उत्तराबद्दल रडू आलं. कंडक्टरनं सुटे पैसे मागितले तेव्हा तिनं पन्नासाची नोट दिली आणि उरलेले घ्यायचे विसरली.

पेडण्याहून पायलटच्या, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर मागं बसून ती पालयेला पोचली तेव्हा बाबली सोप्यावर खुर्चीत बसून सुंभ वळत होता. शहाऐंशी वर्षांचा, उजव्या डोळ्यानं काही दिसत नाही, तो चुन्यानं नेलेला. डाव्यानं मात्र रस्त्यावरून जाणाऱ्याचं चालणं पाहून माणूस ओळखणारा. देवकीच्या भावाची सून दिपाली आतून बाहेर आली आणि ‘आत्ये, कळवलां नाय ता’ म्हणत पुन्हा चहाला वळली.

“काय गो, मधीच?” बाबली म्हणाला. “कोण आजारी आसा?”

“कोण नाय, बाबा. तुका एक इचारूक इलंय.”

“इतक्या लांबसून? फोन नाय तुझ्याकडे?”

देवकी पायरीवर बसली. फोनवर विचारायचा हा प्रश्न नव्हता. तिला एकदम कळेना, सुरुवात कुठून करायची. त्या दोघांत भट्टीचा शब्द कित्येक वर्षांत निघालेला नव्हता. ती काढायची नाही म्हणून तोही काढायचा नाही, इतकं त्याला कळत होतं. मग तिनं सरळ गोष्टच सांगायला घेतली, जशी वर्गात सांगायची तशी. मूर्ती, राजा, तीन तरुण. बाबलीचे हात सुंभावर चालूच होते. भट्टी सातपट तापवली म्हटल्यावर तो हसला.

“सातपट म्हणजे कशी मोजतत? भट्टी मोजूची नसता, बघूची असता. कंठ लाल, मगे पिवळो, मगे पांढरो. फुडें काय?”

तिनं पुढचं सांगितलं. वर नेलं, खाली पडले, आणि राजानं समोरून आत पाहिलं. “बाबा, भरलेल्या भट्टेत माणसां दिसतली कशी? माका ताच कळना नाय.”

बाबलीनं सुंभ मांडीवर ठेवलं. चेहरा तिच्याकडे वळवला, चांगल्या डोळ्याच्या बाजूनं. आणि देवकीनं पाहिलं की त्याची पाठ खुर्चीपासून सुटून ताठ झाली आहे. अशी ती लग्नातही नव्हती.

“भरलेली खंय होती ती?” तो म्हणाला. “रिकामी होती. तू ल्हान होतंस, तुका आठवना नाय. पावसान भितीं पाणी पितत. तशीच भरलंस तर चिरे फुटतत. म्हणान चवथ सरली काय पयली रिकामी भट्टी तापवतत. नुसती लाकडां, दोन दीस. तेव्हा तोंडाकडे बसलंस तर आतलां सगळां दिसता. तळ दिसता, पलाडची भीत दिसता. माणूस उबो रवलो तर पायापासून डोक्यापर्यंत दिसतलो.” त्यानं हातानं हवेत भिंतीचा गोल काढला, मग तोंड, मग चढण. “तुझ्या राजाची भट्टी नुकतीच तापयलेली होती. ह्यां कोणी लिवलां तां?”

“माहीत नाय, बाबा. अडीच हजार वर्सां झाली आसतली.”

“कोण का असांना. लिवणारान भट्टी बघलेली आसा,” बाबली म्हणाला, जसं एखाद्या परगावच्या कारागिराबद्दल बोलावं. “बसून बघलेली आसा. आयकून लिवलेलां नाय तां.”

देवकीच्या अंगावर काटा आला. कॉलेजं, परदेशी पंडित, शंका, गोष्ट दोन ठिकाणांहून शिवली आहे हे मत, सगळं ह्या एका वाक्यापुढं बाजूला सरलं. जगातल्या एवढ्या मोठ्या ग्रंथाला पालयेच्या सोप्यावर बसून कुणीतरी खरेपणाचा दाखला दिला होता, आणि ज्यानं तो दिला त्याला तो द्यायचा हक्क होता. तो हक्क पुस्तकं वाचून मिळत नाही. तिला वाटलं, उठावं आणि त्याच्या पायांवर डोकं ठेवावं. पण त्यांच्या घरी तसं गणपतीच्या चवथीशिवाय करत नसत, म्हणून ती नुसती बसून राहिली आणि त्याच्या हातांकडे पाहत राहिली. भेगा पडलेले, बोटांची टोकं झिजून गुळगुळीत झालेले. त्या हातांनी भाजलेली शिंपली तिच्या तळव्यावर ठेवली होती एकदा. अगदी होती तशी, एक रेघ मोडलेली नाही, फक्त पिसाएवढी हलकी. ‘उज्यातसून इली, तरी काय झाला नाय बघ,’ तो म्हणाला होता.

दिपालीनं चहा आणून दिला. बाबलीनं बशीत ओतून अर्धा प्याला आणि थांबला.

“आणि ते वर व्हरणारे? ते मेले म्हणालंस.”

“होय. कंठाकडे पावले आणि ज्वाळ भायर पडली.”

“वारो बघूक नाय तेंनी.” त्यानं मान हलवली. “तेंनी बघलेलो आसतलो. राजा थांबाक देवक नाय. नावां काय तेंची?”

“नाय दिलली, बाबा.”

“राजाचां आसा?”

“आसा.”

“त्या तिघांची?”

“आसत. एकेकाक दोन-दोन नावां आसत.”

“बरां,” बाबली म्हणाला. त्यानं बशी रिकामी केली, खाली ठेवली आणि सुंभ पुन्हा हातात घेतलं. त्यानं धाकूचं नाव घेतलं नाही. देवकीनंही घेतलं नाही. पण दोघांच्या मध्ये पायरीवर तो येऊन बसला होता हे दोघांनाही माहीत होतं, आणि देवकीला पहिल्यांदाच त्याच्यापासून तोंड फिरवावंसं वाटलं नाही. निघताना तिनं विचारलं, “बाबा, तुझां नाव पुस्तकात घातलां तर चलात?” बाबली म्हणाला, “खरां आसा तर घाल.” आणि मग, ती अंगणात पोचल्यावर, मागून जरा मोठ्यानं, “पूर्ण घाल हां. नुसतां बाबली नको. बाबली पालयेत चार आसत.”

छापखान्याच्या वरच्या खोलीत बरोबर चारला पंखा लागला. फादर कायतान खिडकीशी, गोकुळदास सर मधोमध, समोर पानांची चळत. देवकीचे केस मोटरसायकलवर विस्कटले होते आणि ते नीट करायचंही तिला सुचलं नव्हतं. सर सभ्य गृहस्थ होते. त्यांनी आधी तिच्या तन्नूरचं कौतुक केलं, मग घसा साफ केला.

“बाई, अत्तूनची टीप वाचायला सुरेख आहे. पण कोश आहे हा. प्रत्येक नोंदीखाली आपण आधार देतो. ह्याला ग्रंथ कुठला?”

“ग्रंथ नाही, सर. माणूस आहे.”

“माणूस कसा चालेल?”

“ज्यांनी ग्रंथ लिहिले त्यांनी भट्टी पाहिलेली नाही,” देवकी म्हणाली. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो तिचा आवाज खोलीत जरा मोठाच झाला. “म्हणून त्यांना गोष्ट शिवलेली वाटली. ती शिवलेली नाही.” आणि तिनं सांगायला सुरुवात केली. चढण कुठं असते, कंठ कसा उघडा असतो, तोंड जमिनीलगत का ठेवतात. पाऊस सरला की रिकामी भट्टी का तापवतात आणि तेव्हा आत काय काय दिसतं. वारा उलटला की आग वरून कशी बाहेर पडते आणि कुणाला धरते. सांगता सांगता तिचा हात हवेत तोच गोल काढत होता हे तिला नंतर कळलं. सर मध्ये एकदा शंका काढायला म्हणून पुढं सरकले आणि पुन्हा मागं टेकून ऐकू लागले.

फादर कायतान खिडकीशी मोठ्यानं हसले. “चाळीस वर्सां हांव सर्मांवांत, प्रवचनांत ह्या राजाक वयर चडयत आयलां,” ते म्हणाले, “आनी तो बिचारो सकयल बसला!” मग हसू थांबवून त्यांनी हातातला कागद पाहिला. “मूळ भाशेंत ‘वयर व्हेले’ असोच शब्द आसा, गोकुळदास. वयर. भाशांतरांत आमी तो सोडून दिला, कित्याक तर आमकां चडण खबर नासली. बाय सांगता तें सारकें आसा.”

सरांनी बराच वेळ पेनचं टोपण काढलं, घातलं, काढलं. ते अप्रामाणिक माणूस नव्हते. “ठीक,” ते शेवटी म्हणाले. “तोंडी आधार म्हणून देऊ. पहिल्यांदाच देतोय, पण देऊ. नाव सांगा.”

इथंच ती नेहमी वळण घ्यायची. तिनं वळण घेतलं नाही.

“बाबली सखाराम पालयेकर. पालये, पेडणे.”

“हे कोण?”

“माझे वडील.”

सरांनी मान वर केली. “पण तुमचे वडील तर व्यापारी ना? तुम्हीच एकदा—”

“ते मी खोटं सांगितलं होतं,” देवकी म्हणाली. “लिहा, सर. आणि त्याच्याखाली आणखी एक नाव घ्या. धाकू सखाराम पालयेकर.”

सरांनी पहिलं नाव लिहिलं आणि थांबले. “ह्यांनीही माहिती दिली का?”

“नाही. ते माझे काका. बावीस वर्षांचे होते. ते वर गेले होते.”

पंखा फिरत होता. खाली छापखान्यात कुणीतरी यंत्र बंद केलं. फादर कायतान ह्यांनी छातीवर हळूच क्रूस काढला. गोकुळदास सरांनी नियम काढला नाही, पुस्तक काढलं नाही. त्यांनी दुसरं नाव पहिल्याच्या खाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, जपून लिहिलं.

“आणि व्यवसाय, बाई?” त्यांनी विचारलं. “ह्यांचा काय लिहू, आणि त्यांचा काय?”

“चुना भाजणारे,” देवकी म्हणाली. “दोघेही. आमच्या घरचं काम होतं ते.”